बिघाड कमी, दुरुस्त्या फार

जुनी जीप बाळगणारा माणूस बँकेत मॅनेजर असो, द्राक्षबागायतदार असो की हिंजवडीत संगणकापुढे बसणारा असो, त्याच्या नखांत काळं असतं. हात मिळवायची वेळ आली की तो हात जरासा मागे घेतो आणि म्हणतो, "ग्रीस आहे हो हाताला." या वाक्यातला अभिमान ज्याला ऐकू येत नाही त्याने त्याच्याशी मैत्री वाढवू नये. कारण पुढचा पाऊण तास तो किंगपिनबद्दल बोलणार असतो.

ही जीप त्याला विकताना विकणाऱ्याने एकच वाक्य उच्चारलेलं असतं: "काही काम नाही गाडीला." काही आठवड्यांनी कळतं की तो गृहस्थ खोटं बोलला नव्हता. गाडीला खरोखरच काही काम नसतं. ती दिवसभर घरासमोर उभी असते.

हे वाहन आपल्याकडे आलं कसं ते थोडं सांगायला हवं, कारण आजच्या बिघाडांचं मूळ तिथे आहे. १९४७च्या सुमारास महिंद्राने अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग मागवले आणि मुंबईत माझगावला त्यांची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-थ्री-बी आली. तिचं बॉनेट उंच, कारण आतल्या इंजिनाचे इनटेक व्हाल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हाल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसवलेले. इंजिन उंच झालं म्हणून झाकणही उंच झालं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३चं, आपल्याकडे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. ऐंशीच्या दशकात प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली. १९८५मध्ये मारुतीची ९७० सीसीची जिप्सी आली.

या गाड्यांचं आयुष्य साधारण ठरलेलं. जन्म सरकारी खात्यात. मग लिलावातून ठेकेदाराकडे. मग साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. मग आत मावतील तेवढी आणि बाहेर लोंबकळतील तेवढी माणसं घेऊन वडापवर. आणि उतारवयात पुण्या-नाशिकच्या एखाद्या हौशी माणसाच्या पार्किंगमध्ये. या प्रत्येक मुक्कामाला एक मिस्त्री होता आणि प्रत्येक मिस्त्रीने गाडीला काहीतरी 'केलं'. म्हणून माझा सिद्धांत असा आहे की जुन्या जीपमध्ये बिघाड फार थोडे असतात. दुरुस्त्या फार असतात. आज जो बिघाड म्हणून समोर येतो, ती बहुधा कधीकाळी कोणीतरी मोठ्या विश्वासाने केलेली दुरुस्ती असते.

खरं म्हणजे या गाडीइतकं सरळ यंत्र दुसरं नाही. पेट्रोल इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. डिझेल इंजिनाला ठिणगीसुद्धा लागत नाही. कोंडलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. यापलीकडे या इंजिनाची काही मागणी नसते. चालू होत नसेल तर यातलं काय मिळत नाही एवढंच शोधायचं. पण शोधायचं म्हटलं की वेळ लागतो आणि मत द्यायला लागत नाही. म्हणून बंद पडलेल्या जीपभोवती आधी मतं गोळा होतात.

पहिलं मत बॅटरीबद्दल असतं. सेल्फ मारला, 'कट्' असा आवाज आला, की रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा सायकल न थांबवता सांगून जातो, "बॅटरी गेली." मग नवी बॅटरी येते. आठवडाभर गाडी छान चालते, कारण नवी बॅटरी तरुण असते आणि वाईट परिस्थितीतही जोर लावते. मग पुन्हा 'कट्'. आता सेल्फ उतरवला जातो, त्याचे कार्बन बदलले जातात, सोलेनॉइड बदललं जातं. तरीही 'कट्'. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

म्हैस वेगळीच असते. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. करंटचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. पण इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चॅसीशी जोडणारी एक जाड पट्टी असते, तिला अर्थ म्हणतात. पंचवीस वर्षं चिखल, तेल आणि कोकणातली हवा खाऊन ही पट्टी हिरवी पडते किंवा बोल्टाखाली गंजते. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात आणि त्यांना परत यायला वाटच नसते. मग ते आडवाट शोधतात. सगळ्यात जवळची आडवाट म्हणजे चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारला की डॅशबोर्डवरच्या चोकच्या बटणातून धूर येतो. मिस्त्री चोकची केबल बदलतो. तीही जळते. मिस्त्री म्हणतो, "हल्ली माल चांगला येत नाही."

याची परीक्षा अगदी सोपी आहे. साधं मल्टिमीटर घ्यायचं. इंजिन बंद असताना धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसले की चार्जिंग नीट आहे. इथवर ठीक असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावायचं आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थ खराब. पट्टी सोडवायची, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, पुन्हा आवळायची. याला खर्च जवळजवळ नाही, आणि म्हणूनच हे कोणी करत नाही. बॅटरी बदलायला पैसे दिले की झालं. अर्थ घासायला गाडीखाली झोपावं लागतं.

अर्थ गेलेली गाडी आणखीही चमत्कार दाखवते. ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो. करंट मायनसपर्यंत पोहोचायला दुसऱ्या बल्बच्या घरातून जात असतो. जुन्या मालकाला हे विचारलं तर तो शांतपणे सांगतो, "पहिल्यापासून तसंच आहे." जणू कारखान्यातून तशीच निघाली होती.

यापुढचा प्रांत वायरमनचा. कारखान्यातून गाडी आली तेव्हा प्रत्येक वायरीचा रंग ठरलेला होता. मग पहिला वायरमन आला, त्याच्याकडे लाल वायरीचं बंडल होतं. दुसऱ्याकडेही लालच होतं, कारण दोघांचं दुकान एकच. आता डॅशबोर्डखाली हात घातला की लाल वायरींचा गुंता हातात येतो. त्यावर काळी चिकटपट्टी असते, ती उन्हाने विरघळून तिचा काकवीसारखा चिकटा झालेला असतो. काही वायरी कुठून तरी येतात आणि कुठेच जात नाहीत. त्या कापायची हिंमत कोणाची होत नाही, कारण मागच्या वेळी अशीच एक निरुपयोगी वायर कापल्यावर वायपर बंद पडले होते, असं गॅरेजमधला बारक्या शपथेवर सांगतो.

फ्यूजची कथा तर प्रत्येक गाडीत तीच. फ्यूज उडत होता. का उडतो ते बघण्यापेक्षा तो उडू नये याची तजवीज करण्यात आली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, किंवा वायरीचे चार तांब्याचे केस पिळून घातले. आता फ्यूज कधीच उडत नाही. एखाद्या दिवशी वायरिंग उडतं.

भोंग्याची गंमत वेगळी. कित्येक जुन्या जीपमध्ये भोंग्याची वायर स्टेअरिंगच्या दांड्याच्या नळीतून वर जाते. आतल्या आत घासून तिचं आवरण जातं, ती लोखंडाला टेकते आणि गाडी उजवीकडे वळवली की भोंगा वाजतो. डावीकडे वळवली की गप्प. मालक पाहुण्यांना सांगतो, "घाटात बरं पडतं."

इथे खऱ्या वायरमनचं कसब सांगितलं पाहिजे. हौशी मालकाकडे डिजिटल मीटर असतं आणि वायरमनकडे दोन वायरी लावलेला एक बल्ब. मालकाला त्या बल्बची कीव येते. पण एखाद्या वायरीच्या सगळ्या केसांपैकी एकच केस शाबूत असेल तरी मीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतं, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब करंट मागतो. एका केसातून तो मिळाला नाही की बल्ब मिणमिणतो आणि दोष तिथल्या तिथे पकडला जातो. मालक मीटरकडे बघून म्हणतो, "बारा येतायत." वायरमन बल्बकडे बघून म्हणतो, "येतायत, पण बसायला." मंद हेडलाइटचंही बहुतेकदा हेच असतं. ५५-५५ वॉटच्या दोन बल्बना बारा व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर लागतात आणि ते सगळे जुन्या वायरीतून, झिजलेल्या स्विचमधून ओढले जातात. एक रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर दिली की त्याच बल्बचा उजेड डोळ्यांत भरतो. पण मालक आधी १०० वॉटचे बल्ब बसवतो. उजेड तेवढाच राहतो आणि स्विच वितळतो.

रात्रीत बॅटरी उतरते अशी तक्रार आली की वायरमन मायनसची वायर काढून मध्ये तोच बल्ब जोडतो. सगळं बंद असूनही तो पेटला की कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला बल्ब विझेल तिथे चोर. मात्र चोराने वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असेल तर सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहतो. वडापच्या काळातला ॲम्प्लिफायर सीटखाली अजून जागा असतो. वडाप बंद झालं, टेप चोरीला गेला, गाणी ऐकणारे प्रवासी आजी-आजोबा झाले, तो मात्र पुढच्या कॅसेटची वाट बघत रोज रात्री थोडी थोडी बॅटरी पितो.

बॅटरी पार झोपली तरी जुन्या जीपपाशी एक उपाय शिल्लक असतो: हँडल. पुढून दांडा घालून इंजिन फिरवायचं. फक्त अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे. जुन्या ड्रायव्हरांना हे शिकवावं लागत नाही. ज्यांना शिकवावं लागलं होतं त्यांचे अंगठे अजून वाकडे आहेत.

आता खंबाटकी घाटात या, मे महिना, दुपारी दोन वाजता. पेट्रोल जीप चढावर गचके देते आणि थांबते. बॉनेट उघडतं. महाराष्ट्रात उघड्या बॉनेटइतक्या वेगाने माणसं जमवणारी दुसरी वस्तू नाही.

"पेट्रोल आहे का?" पहिला विचारतो. मालकाला हा अपमान वाटतो, पण प्रश्न सगळ्यांत शास्त्रशुद्ध हाच. सीजे-थ्री-बीचा ड्रायव्हर पेट्रोलच्या टाकीवरच बसलेला असतो, तरी खाली किती आहे हे त्याला ठाऊक नसतं. काटा बरीच वर्षं 'अर्धी टाकी' दाखवत असतो.

काडी घालून पेट्रोल सिद्ध केल्यावर दुसरा म्हणतो, "कचरा आला असणार, कार्बोरेटर खोला." तिसरा म्हणतो, "कॉइल गरम झाली." चौथा काही बोलत नाही. तो रुमाल भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळतो. हा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असतो. उन्हात आणि घाटात आतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते, आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफच दाबत राहतो. ओल्या फडक्याने पंप निवतो आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

अडचण अशी की कॉइल किंवा कंडेन्सर तापून रुसला असेल तर तोही अर्ध्या तासात निवतो. म्हणजे काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी अर्ध्या तासाने गाडी चालू होते. त्या क्षणी ज्याचा हात इंजिनावर असेल तो मिस्त्री ठरतो. कोणी बॅटरीचं टर्मिनल हलवलेलं असतं, कोणी प्लग पुसलेला असतो, एकाने नुसतंच "गणपती बाप्पा मोरया" म्हटलेलं असतं. प्रत्येक जण आपल्या उपायाची थोरवी गात घरी जातो आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर तोच उपाय करतो. आपल्याकडचं वाहनशास्त्र या मार्गाने पसरलं आहे.

वास्तविक निर्णय अर्ध्या मिनिटात लागतो. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना एवढं बघायचं, डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या) मधली जाड वायर काढायची आणि इंजिनाच्या लोखंडापासून थोडी दूर धरून सेल्फ मारायला सांगायचं. निळी, टणक ठिणगी पडली तर करंट आहे, पेट्रोल शोधा. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर पेट्रोलकडे जाऊच नका. वायर कोरड्या आवरणाच्या पक्कडीने धरायची. हाताने धरणाऱ्यालाही करंट आहे की नाही हे कळतं, पण तो लगेच सांगू शकत नाही.

तरीही आधी कार्बोरेटरच खोलला जातो. तो वर असतो, समोर असतो आणि त्याला भरपूर स्क्रू असतात. इतके स्क्रू असलेली वस्तू निर्दोष असेल यावर माणसाचा विश्वास बसत नाही. जाणते मिस्त्री मात्र सांगतात की कार्बोरेटरचे बहुतेक आजार डेल्कोत निघतात. तिथे पॉइंट असतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट लागते. ती मोजायला फीलर गेज असतं. नसेल तर काड्यापेटीचा पुठ्ठा असतो, आणि पुठ्ठ्याने मोजलेल्या फटीवर गाड्यांनी घाट उतरलेले आहेत.

डिझेलवाल्यांना हे सगळं ऐकून हसू येतं. त्यांच्या इंजिनाला ना पॉइंट ना कॉइल. एकदा सुरू झालं की सगळं वायरिंग जळालं तरी इंजिन धडधडत राहतं. त्यांचं दुखणं एकच: हवा. डिझेल संपलं, किंवा फिल्टरला जाणारी नळी जरा ढिली झाली, की लाइनीत हवा शिरते आणि पंप हवा दाबत बसतो. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस येतो, बुडबुडे येतात, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. काम दहा मिनिटांचं. पण अंगाला लागलेला डिझेलचा वास दोन आंघोळींनी जात नाही आणि घरात गाडीचं नाव काढायची सोय राहत नाही. जुन्या डिझेल जीपमध्ये आणखी एक मजा असते. किल्ली बंद करून इंजिन थांबत नाही, त्यासाठी वेगळा स्टॉपर ओढावा लागतो. मुंबईहून आलेला भाचा किल्ली काढून खिशात घालतो, दार लावतो, आणि गाडी चालूच. तो घाबरून किल्ली परत नेऊन देतो आणि म्हणतो, "मामा, मी काही केलेलं नाही."

चाकांकडे आलं की विनोद जरा गंभीर होतो. जुन्या जीपला ताशी पन्नासच्या आसपास एक खड्डा लागतो आणि स्टेअरिंग हातांत असं थडथडतं की दातांवर दात आपटतात. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. मिस्त्रीला सांगितलं तर तो विचारतो, "किती स्पीडला होतं?" पन्नासला. "मग पंचेचाळीसने चालवायची." काही जण स्टेअरिंग डॅम्पर बसवून घेतात. त्याने थडथड लपते आणि आतला सैलपणा निवांत वाढत राहतो. खरा मार्ग म्हणजे पुढचं चाक जॅकवर उचलायचं. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला, तर चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवायचं. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला, तर टाय रॉडची टोकं बघायची. ज्याचं दुखणं त्यालाच पाना लावायचा. पण या दुखण्यावर सगळ्यांत आधी बदलले जातात ते टायर, कारण नवे टायर दिसतात आणि नवा किंगपिन शेजाऱ्यांना दाखवता येत नाही.

फोर व्हीलच्या दांड्याने तर कित्येकांची अब्रू घेतली आहे. चिखलातून बाहेर आल्यावर दांडा परत काढायचा राहतो आणि गाडी तशीच डांबरी रस्त्यावर पळवली जाते. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात ती थोडी घसरून हिशोब जुळवतात, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण शाफ्टमध्ये पीळ भरल्यासारखा साठतो. मग दांडा हलत नाही. मालक ओढतो, मित्र लाथ मारतो, बारक्या हातोडी आणतो. एवढ्यात एखादा म्हातारा ड्रायव्हर येतो, गाडी चार हात मागे घेतो, आणि दांडा बोटाने निघतो. तो काही बोलत नाही, पण हातोडीकडे एकदा बघतो.

पावसाळ्यात सह्याद्रीत ओढे ओलांडायचा शौक असलेल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: पाण्यातून आल्यावर इंजिन गचके देऊ लागलं, तर डेल्कोचं टोपण उघडून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आणि ड्रम ब्रेक ओले झाले की धरत नाहीत, म्हणून हळू चालवत हलके दाबून ते आधी वाळवा. उताराला लागल्यावर वाळवायचे म्हटलं तर उतार थांबत नाही.

आता माझ्या सिद्धांताचा पुरावा देतो. पुढे सांगतो तसा प्रवास केलेल्या गाड्या तालुक्याला पैशाला पासरी सापडतील. सुरुवातीला रेडिएटरच्या नळीची क्लिप ढिली होते आणि थेंब थेंब पाणी गळतं. क्लिप आवळण्याऐवजी कोणीतरी अनुभवी माणूस रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकतो. हा आपला राष्ट्रीय उपाय. हळद फुगून भोकात बसते, गळती थांबते, सगळे खूश. पण गळतं भोक कुठलं आणि पाणी वाहायची बारीक नळी कुठली हे हळदीला कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापू लागते. दुसरा मिस्त्री म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट नको." थर्मोस्टॅट पानांच्या पेटीत पडतो आणि पुढे हरवतो. आता थंडीत इंजिन नीट तापतच नाही. चोक ओढून ओढून चालवावं लागतं, प्लग काळे होतात. तिसरा मिस्त्री म्हणतो, "कार्बोरेटरचं काम आहे." तो जेट काढतो आणि सायकलच्या स्पोकच्या तारेने साफ करतो. जेटचं भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त येऊ लागतं, काळा धूर निघतो. ॲव्हरेज पडल्यावर चौथा म्हणतो, "इंजिनाचंच काम निघालं." इंजिन खोललं जातं. त्या गडबडीत अर्थची पट्टी परत लावायची राहते. दुसऱ्या दिवशी सेल्फ 'कट्' करतो. पाचवा माणूस म्हणतो, "बॅटरी गेली."

या साखळीत एकही माणूस लबाड नव्हता. प्रत्येकाने आपल्या समोरचं दुखणं खरंच थांबवलं. फक्त त्याच्या आधी काय केलं गेलं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या मालकाने कुर्ला नाहीतर पुण्याचा जुना बाजार रविवारी पालथा घालून जुने सुटे भाग शोधले, पैसे ओतले, आणि सगळ्या प्रवासाचं मूळ होतं ती एक ढिली क्लिप.

म्हणून जुनी जीप बाळगणाऱ्यांना माझा सल्ला थोडकाच आहे. नवा बिघाड आला की आधी आठवा, शेवटचा हात कुठे लागला होता. तिथूनच सुरुवात करा. फुकटात तपासता येतं ते आधी तपासा: टर्मिनल, अर्थ, फ्यूज, नळ्या, क्लिपा, टाकीतली काडी. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुरू झाली हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे द्याल. जमलेल्या माणसांना चहा पाजा, पण पाना तुमच्या हातात ठेवा.

आणि एक विनंती. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. काय काढलं, काय बसवलं, कुठली लाल वायर कशाची, फ्यूज कितीचा, जेट कोणी छेडला, तारीख घालून लिहा. तुम्हीही ही गाडी कधीतरी विकणार आहात, आणि विकताना कुठलं वाक्य म्हणणार आहात हे मला माहीत आहे. म्हणा खुशाल, पण सोबत वही द्या. दोनशे पानी घ्या, शंभर पानी पुरत नाही.